पाहुण्याचं गजकर्ण

सलूनवाल्या काकांनी सगळी हयात लोकांची डोकी हाताळण्यात घालवली, पण कुणाच्या डोक्यात काय चाललंय यात कधी नाक खुपसलं नाही. डोक्याच्या बाहेरचं मात्र त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. गिऱ्हाईक उंबरठ्याच्या आत येईपर्यंत काकांनी कोंडा, उवा, चाई, खरूज अशी सगळी झडती घेतलेली असे. एखाद्याविषयी शंका आली, की ते त्याला खुर्चीत बसू देत नसत. "आज वस्तऱ्याला धार नाही हो," असं फार दिलगिरीनं सांगत. ही धार नेमकी मळक्या कॉलरचं गिऱ्हाईक आलं की का जाते, हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही. इस्त्रीच्या शर्टाला धार नेहमी मिळत असे.

दुकान बंद केलं तेव्हा काकांनी फिरती खुर्ची, कात्र्यांची पेटी आणि मानेवरचे केस झाडायचा मऊ ब्रश एवढं घरी आणलं. काकूंनी वर्षानुवर्षं घरी आणलेल्या गोष्टी मात्र जिवंत होत्या. हवालदार हा म्हातारा कुत्रा. चोर गल्लीच्या टोकाला पोचल्यावर भुंकायचं, अशी त्याची शिस्त. शेटजी हा ससा. पोटाचा घेर सावरत दिवसभर काहीतरी चघळत बसणं हा त्याचा धंदा. राणीसरकार ही पांढरीशुभ्र, लांब केसांची मांजर. तिला सोफ्यावर बसलेली पाहिली की आलेला माणूस आपोआप पाय पुसायला मागे फिरे. आणि चौथा 'पाहुणा'. फाटक्या कानाचा, मातकट रंगाचा हा बोका काकूंना जिन्याखाली सापडला होता. "चार दिवस ठेवू, मग बघू," असं त्या म्हणाल्या होत्या. ते 'मग' कधी उगवलं नाही. बोका राहिला, नाव राहिलं, आणि एक दिवस काकूच गेल्या.

काकांना जनावरांचं प्रेम नव्हतं. बायकोचं होतं, पण ते बोलून दाखवायची दोघांच्यात पद्धत नव्हती. त्यामुळे त्या गेल्यावर काका मुकाट्यानं चार वाट्या भरू लागले.

पुढे मुलगी नवऱ्याचं घर सोडून आली. तीही "थोडे दिवस" असंच म्हणाली. सोबत सहा वर्षांची चिंगी. मुलीनं जवळच्या पाळणाघरात नोकरी धरली. काकांना आता सकाळी पाच जणांचं खाणं बघावं लागे, आणि पाचांत फक्त चिंगी तक्रार करी. घराला पुन्हा आवाज आला. काका सुखात होते, पण त्यांचा चेहरा पहिल्यापासूनच तसा नसल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

रविवारी सकाळी गच्चीला लागून असलेल्या खोलीत काका दुकान मांडत. फिरती खुर्ची उन्हात ओढत, खांद्यावर टॉवेल टाकत आणि हाक देत, "पुढचा!" पहिला मान हवालदाराचा, कारण तो सेवेत सर्वांत जुना. मग शेटजी. मग राणीसरकार, जी खुर्चीत अशी बसे की जणू दुकान तिच्याच मालकीचं आहे आणि काकांना तिनं दया म्हणून नोकरीवर ठेवलंय. मग पाहुणा. काका प्रत्येकाची गाठ झालेली लव कात्रीनं काढत, कात्री औषधाच्या पाण्यात बुडवत, आणि मग तो मऊ ब्रश अंगभर फिरवत. रांगेच्या शेवटी चिंगी उभी असे. तिची कपाळावरच्या केसांची झालर नीट करायची, मान झाडायची.

"आजोबा, गुदगुल्या!"

"गिऱ्हाइकानं हलू नये. कान गेला तर दुकान जबाबदार नाही."

"पाहुण्याचा गेलाय की!"

"तो माझ्याकडे यायच्या आधीच गेला होता. माझं नाव खराब करू नकोस."

कात्री औषधात, वस्तरा औषधात, कंगवा औषधात. हे काकांच्या हाडीमाशी खिळलं होतं. ब्रशचं काय, असा प्रश्न दुकानात कधी पडला नाही, घरीही पडला नाही. ब्रश कुणाला कापत नाही, टोचत नाही, कुणाचं रक्त काढत नाही. एवढ्या सज्जन वस्तूवर संशय घेणार कोण?

गजकर्ण पहिल्यांदा चिंगीच्या मनगटावर उगवलं. या रोगाच्या नावात हत्ती असला तरी येताना तो नाण्याएवढाच येतो. लालसर, गोल, कडा उठलेली, मधे साफ. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मनगट उजेडात धरलं आणि डॉक्टरांच्या आधी निकाल दिला. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, मलम दिलं आणि विचारलं, "घरात जनावरं आहेत का?"

मुलीनं "आहेत," असं सांगितलं ते कबुलीजबाब दिल्यासारखं.

घरी आल्यावर तिनं पर्स खुंटीला लावायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "बाबा, मी दिवसभर लोकांची तान्ही पोरं मांडीवर घेते. उद्या माझ्या हातावर असलं काही उठलं तर मला गेटातून आत घेतील का?"

"मलम लावू की. जाईल."

"जाईल, पण परत येईल. ज्याच्याकडून आलं तो इथेच लोळतोय ना! मला ही नोकरी गेली तर त्या घरी परत जावं लागेल. तुम्हाला चालेल ते?"

काकांना ते चालणार नव्हतं. त्या घरातून मुलगी कशी आली होती, ते त्यांनी दार उघडलं तेव्हा पाहिलं होतं.

"मग काय म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. तुम्ही बघा. ज्याला आहे त्याला तरी घालवा. नाहीतर आम्ही दोघी कुठेतरी खोली बघतो."

काकांनी बघितलं. चौघांना उन्हात आणून त्यांनी दुकानाच्या दारात उभं राहून बघावं तसं बघितलं. हवालदाराचा कोट विरळ होता, पण तो वयाचा मान. शेटजी गुबगुबीत. राणीसरकार कापसासारखी, एक केस वावगा नाही. आणि पाहुण्याच्या कपाळावर, फाटक्या कानाच्या बाजूला, केस गळून झालेला गोल खवलेदार डाग.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. काकू प्रत्येक शिंकेला तिकडे धावत. काका गेले नाहीत. गजकर्ण ओळखायला त्यांना डॉक्टर कशाला हवा होता? आयुष्यभर दुसरं केलं काय होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून काकूंचा जाळीचा पिंजरा काढला. पाहुणा आपण होऊन आत शिरला, कारण आत टॉवेल होता आणि टॉवेलवर बसायचं असतं एवढं त्याला माहीत होतं. चिंगी दारात उभी होती. मनगटावर मलम, वर पट्टी.

"कुठे नेतोस त्याला?"

"ज्याला हा रोग होतो ना, त्याला वेगळं ठेवावं लागतं."

"का?"

"म्हणजे बाकीच्यांना होत नाही."

"कधी आणणार?"

"बरा झाला की," काका म्हणाले. आयुष्यात त्यांनी गिऱ्हाइकांना बरंच खोटं सांगितलं होतं. केस परत दाट येतील, हा कट तुम्हाला शोभतो, वगैरे. हेही त्याच सुरात निघून गेलं.

पालिकेच्या प्राणी केंद्राला सगळे कोंडवाडाच म्हणत. खिडकीतल्या माणसानं पिंजऱ्यात डोकावून विचारलं, "तात्पुरता का कायमचा?"

"कायमचा."

"कारण?"

"गजकर्ण."

माणसानं पिंजरा उचलून आत नेला आणि रिकामा परत आणून दिला. टॉवेल त्यातच होता. "हा तुमचा," तो म्हणाला. काका घरी परत आले, टॉवेल उकळत्या पाण्यात टाकला, खुर्ची पुसली, फरशी औषधानं पुसली. ब्रश टिचकी मारून झाडला आणि पेटीत ठेवला.

मनगटावरचा डाग मलमानं विरत गेला. मुलगी रोज संध्याकाळी आल्याबरोबर स्वतःचे हात, दंड, मान आरशात तपासत असे. तिथे काही नव्हतं. ती पहिल्यासारखी बोलू लागली. एकदा जेवताना तिनं पाहुण्याच्या जागी सरावानं वाटी ठेवली आणि मग उचलली.

"आई, तो बरा झाला का?" चिंगीनं विचारलं.

मुलीनं बापाकडे पाहिलं. बाप ताटात पाहत होता.

"अगं, तो आता नाही यायचा," मुलगी म्हणाली. "आता तो तिकडेच. तू जेव."

चिंगी जेवली. रडली नाही, हट्ट केला नाही. समजूतदार आहे पोरगी, असं काकांना वाटलं. मोठी माणसं आपल्या सोयीला समजूत म्हणतात, त्यातला हा प्रकार.

पुढच्या रविवारी "पुढचा!" अशी हाक दिली तर रांगेच्या शेवटी कोणी नव्हतं. चिंगी आत बसून चित्रं काढत होती. "मला नको. मी केस वाढवणारे." डोक्यावर लोकरीची टोपी होती, उकाडा असतानाही. त्याच्या पुढच्या रविवारीही टोपी होती. सकाळची वेणी तिनं आईकडूनही घालून घेणं बंद केलं. आरशासमोर दार लावून स्वतःच कसंबसं काहीतरी बांधायची आणि वर टोपी चढवायची.

"काय गं, टोपीला भाडं भरतेस का? काढ की कधीतरी!" मुलीनं विचारलं.

"फॅशन आहे," चिंगी म्हणाली.

"आमच्या काळी फॅशनला घाम येत नसे," काका म्हणाले. मुलगी हसली. चिंगी जरा उशिरा हसली.

अंघोळ ती एकटी करू लागली होती. मुलीला वाटलं, वाढतेय. काकांना वाटलं, बोक्यावरून रुसली असेल, चार दिवसांत विसरेल. डोक्यांचा एवढा मोठा जाणकार घरात असताना त्या घरातलं एक डोकं कुणी पाहिलं नाही.

शेवटी ते वासानं कळलं. चिंगी दुपारी सोफ्यावर झोपली होती, अंगात थोडा ताप होता, शेजारी राणीसरकार पसरलेली. काका पांघरूण घालायला वाकले, तर टोपीतून एक गोडूस, कुजका वास आला. दुकानात असा वास आला की त्यांच्या वस्तऱ्याची धार जात असे. त्यांनी टोपी हळूच वर केली. लोकर केसांना चिकटली होती. खाली टाळूवर, कानाच्या जरा मागे, फुगलेला, ओला, पू झालेला गोळा होता, आणि त्याच्यावरचे केस टोपीबरोबरच निघून आले.

चिंगी जागी झाली. तिनं आधी टोपी पाहिली, मग आजोबांचा हात, आणि मग दोन्ही तळव्यांनी डोकं झाकून ती सोफ्याच्या कोपऱ्यात सरकली.

"ते बरं होतंय," ती घाईघाईनं म्हणाली. "खरंच, आजोबा. दुखत पण नाही. मी कुणाला हात लावत नाही. शाळेतपण नाही लावत. मी लांब बसते."

काकांना पहिल्यांदा कळलंच नाही ती काय बोलतेय.

"मला नको ना नेऊस तिकडे," चिंगी म्हणाली.

यानंतर काका काय म्हणाले ते त्यांनाही नंतर आठवेना. मुलीला फोन केला, रिक्षा आणली, दवाखान्याच्या पायऱ्या पोरीला कडेवर घेऊन चढले, हे आठवत होतं. चिंगीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले नाहीत. ती आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसासारखी ताठ बसून राहिली.

त्वचेच्या डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. गोळ्या लिहून दिल्या, त्या कित्येक आठवडे चालणार होत्या. रोग जाईल, म्हणाले. मुलीनं विचारलं, "आणि केस?"

"कडेचे येतील. मधला तेवढा भाग आता येणार नाही. आत व्रण पडलाय." मग त्यांनी चष्मा पुसला. "सुरुवातीला आणलं असतं तर सगळे आले असते. दिसलं नाही का कुणाला?"

काकांनी खाली मान घातली. मुलगी म्हणाली, "ती सारखी टोपी घालून असायची."

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट विचारली: बोका घालवल्यावरही हे वाढत कसं गेलं? म्हणून मग, जे आधी करायचं ते शेवटी करायला, काका हवालदार, शेटजी आणि राणीसरकार यांची वरात घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मुलगी सोबत होती. बाईंनी सांगितलं होतं की अंथरूण, पट्टे, कंगवे, जनावरांना लागणारं सगळं आणा. काकांनी पेटीच उचलून आणली.

बाईंनी पडदे ओढले आणि जांभळ्या उजेडाचा दिवा लावला; गजकर्ण असलं की या उजेडात केस हिरवे चमकतात, म्हणाल्या. हवालदाराच्या पोटाखाली काही केसांची मुळं हिरवी चमकली. शेटजी साफ निघाले. मग राणीसरकार टेबलावर विराजमान झाली. बाईंनी तिच्या मानेवरची लव बोटांनी फाकवली, आणि आत, त्या कापसासारख्या पांढऱ्याच्या तळाशी, कच्च्या सफरचंदाच्या रंगाची रोषणाई होती. मानेपासून शेपटीपर्यंत.

"पण हिला तर एक डाग नाही!" मुलगी म्हणाली.

"लांब केसांच्या मांजरांत असं होतं. स्वतःला काही नाही, नुसतं वाटत फिरायचं. नमुना तपासायला पाठवते, पण मला वाटतं मूळ हीच." बाई पेटीकडे वळल्या. "ब्रश कोणाचा?"

"सगळ्यांचा," काका म्हणाले.

"सगळ्यांना एकच?"

"कात्री औषधात बुडवतो मी, बाई. दर वेळी. वस्तरा, कंगवा..."

"आणि हा?"

बाईंनी दिवा ब्रशवर धरला. त्या मऊ केसांत हिरव्या ठिणग्यांची आख्खी वस्ती नांदत होती. राणीसरकारनंतर ब्रश पाहुण्याच्या कपाळावरून जात असे, आणि मग चिंगीच्या मानेवरून. रांगेचा क्रम काकांनीच ठरवला होता.

"तो बोका आणला नाहीत?" बाईंनी पडदे उघडत विचारलं. "फाटक्या कानाचा. काकू आणायच्या. फार गरीब जीव. सुई टोचली तरी हात चाटायचा."

"त्याला डाग होता," काका म्हणाले.

"असेल की. हिच्याकडूनच मिळाला असेल. औषधाच्या पाण्यानं अंघोळी, गोळ्या, दोन-तीन महिन्यांत साफ. कुठाय तो?"

मुलगी पट्टे गोळा करू लागली. बाईंनी उत्तराची वाट पाहणं आपण होऊन सोडलं आणि औषध कसं कालवायचं ते सांगू लागल्या.

मुलीला आणि जनावरांना घरी सोडून काका त्याच पावली रिकामा पिंजरा घेऊन कोंडवाड्यावर गेले. खिडकीत तोच माणूस होता.

"मातकट बोका. कान फाटका. मीच सोडला होता. परत न्यायचाय."

"कारण काय दिलं होतं?"

"गजकर्ण."

"मग तो त्वचारोगाच्या खोलीत गेला असणार." माणसानं डोकं खाजवलं. "ती खोली आम्ही लवकर रिकामी करतो. पसरतं ना ते."

"रिकामी म्हणजे?"

"रिकामी म्हणजे रिकामी, काका," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात वाईटपणा अजिबात नव्हता. "तुम्हीच कायमचा म्हणालात."

घरी चिंगी डोक्याला पट्टी बांधून खाटेवर बसली होती. तिनं पिंजऱ्याकडे पाहिलं. काकांच्या मनात वाटेत पुष्कळ काही तयार झालं होतं: एका बाईंनी नेला, मोठं अंगण आहे, दूध पितो. ते सगळं जिभेवर आलं आणि तिथेच सुकलं.

"तो मेला," ते म्हणाले. "त्यांनी मारला. मी दिला म्हणून."

चिंगीनं मान हलवली. मग खिडकीतल्या उन्हात अंग चाटत बसलेल्या राणीसरकारकडे बोट केलं. "रोग हिच्याकडून आला ना? आई फोनवर सांगत होती."

"हो."

"मग हिला पण नेणार?"

"नाही. हिला इथेच औषध देणार."

"का?"

राणीसरकार दिसायला चांगली होती, हे कारण कुणाही लहान मुलाला सांगण्यासारखं नव्हतं.

मुलीनं पाळणाघरात सगळं खरं सांगून टाकलं. आता लपवायला बळ उरलं नव्हतं. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, "एवढंच ना? आमच्याकडे हे दर वर्षी कुणाला तरी होतं. पूर्ण बाह्यांचं घाल, हात धुवत जा." मुलगी घरी आली आणि न्हाणीघरात नळ मोठा सोडून बराच वेळ बसली.

मग औषधाचे महिने सुरू झाले. पिवळ्या पाण्याच्या अंघोळी, त्याचा सडक्या अंड्यांसारखा वास, ओले चिडलेले जीव, रोजची फरशी, उकळलेल्या चादरी. खुर्चीचं कापड फाडून जाळलं, ब्रशही जाळला. राणीसरकारचं सगळं वैभव काकांनी मशीननं उतरवलं, तेव्हा आत एक साधं, किडकिडीत, घाबरलेलं मांजर निघालं. बाईंचे नमुने एकामागून एक साफ येत गेले. चिंगीच्या टाळूवर कडेचे केस आले, मधे गुळगुळीत, गुलाबी कातडी राहिली. मुलगी सकाळी त्याच्यावर केस वळवून पिन लावून देई. शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घर मोकळं झालं, काका. अभिनंदन." काकांनी आभार मानले.

चिंगी आता काही लपवत नाही. उलट संध्याकाळी काका पेपर घेऊन बसले की ती समोर येऊन उभी राहते आणि अंगावरचं एकेक दाखवते. न रडता, न हसता, खिडकीवर कागद पुढे करावेत तसं.

"हे डास चावलाय."

काका पेपर खाली ठेवतात.

"हे खेळताना खरचटलं. आणि हे शाईचं आहे, धुतलं तरी गेलं नाही." ती कोपर वळवून उजेडात धरते, आजोबांनीच कधीतरी तिचं मनगट धरलं होतं तसं. "चालेल?"

"चालेल, बाळ."

"हे?"

"तेही चालेल."

ती मान हलवते, बाही खाली करते आणि दुसरी वर करते.